अर्धं कार्ड

माझं कार्ड अर्धं पांढरं, अर्धं पिवळं.
शिमोनचंही तसंच.
शिबिरातल्या नर्सनं दोन्ही शेजारी ठेवली, म्हणाली,
लग्नाआधी तपासायचं होतं, बाई.
नवापूरचं स्टेशनही अर्धं गुजरातेत आहे,
त्याला कुणी काही म्हणत नाही.

नहूमचं कार्ड मात्र पूर्ण पिवळं.
नहूम म्हणजे सांत्वन,
बारशाला पाळक म्हणाले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी यंत्राला डोळा लावायला सांगितला.
गोल असायला हवं ते रक्त
वाकलेलं, टोकदार, आमच्या विळ्यासारखं.
हे नसांत अडकतं, ते म्हणाले, म्हणून कळ येते.
त्या वर्षी भात कापायला मी विळा उचलला
आणि बांधावर ठेवून दिला.

अकराव्या वर्षी गेला.
फेब्रुवारीत, मोहाला फूल यायच्या आधी.

प्रार्थनेला आलेल्यांतली एक म्हणाली,
विश्वास थोडा कमी पडला, एलिशिबा.
थोडा म्हणजे किती?
चिमूटभर? की पसाभर?
मी चहा गाळत होते. सगळ्यांना दिला.
साखर घालायची राहून गेली.

मग रविवारची घंटा झाली की
मी धुणं घेऊन रंगावलीवर जायचे.
दगडावर कपडे आपटत तुझ्याशी भांडायचे.
बारा वर्षं रक्त जाणारी ती बाई
गर्दीतून हात घालून तुझ्या कपड्याच्या काठाला शिवली
आणि तू थांबलास.
मी तर अकरा वर्षं धरून होते.
अख्खा काठ विरला माझ्या मुठीत.

दोन वर्षांनी त्याच दवाखान्यात
रात्रपाळीची आया म्हणून लागले.
तुझ्यासाठी नाही. पगारासाठी.

डिसेंबरात अक्कलकुव्याकडून एक पोरगी आली,
मोगी, त्यांच्या देवीच्या नावाची.
आजोबा दमण्या दाराशी उकिडवे बसलेले.
पोरगी गुडघे धरून ओरडत होती.
सलाईन चढत होतं, कळ उतरत नव्हती.

मी काही ठरवलं नाही.
आयांच्या खोलीत तव्यावर मीठ तापवलं,
जुन्या लुगड्यात बांधलं,
आधी माझ्या मनगटाला लावून पाहिलं,
मग ठेवलं गुडघ्याच्या वाटीखाली, आतल्या बाजूला.
नहूमला तिथेच लागायचं.
माझ्या हातानं ही जागा जपून ठेवली होती,
मलाही न सांगता.

ओरडणं थांबलं नाही. बारीक झालं.
तीनदा मीठ गार झालं, तीनदा तापवलं.
पहाटे कधीतरी
तिनं माझं बोट धरलं आणि झोपली.

लहानपणापासून तुझ्याबद्दल ऐकलेला एक शब्द:
कळवळा.
त्यात कळ आहे
हे मला तोवर दिसलंच नव्हतं.
म्हणजे तुलाही लागतं का
तिथेच, वाटीखाली?
त्या फेब्रुवारीत आमच्या चुलीपाशी
तूही मीठ तापवत बसला होतास,
काही न बोलता,
पुन्हा पुन्हा गार होणारं?

मला माहीत नाही.
विचारायचं मी सोडलेलं नाही.
पण आता विचारताना दगडावर काही आपटत नाही.

यंदा विळा धरला.
पहिली पेंढी कापताना हात थरथरला,
दुसरीला कमी.
कापणीच्या सणाला ती घेऊन
मंडळीत गेले, मागच्या रांगेत बसले.
पाळक घसा ताणून लिलाव पुकारत होते:
भोपळा चाळीस, कोंबडा साडेतीनशे,
कुणाच्या तरी केळफुलावर दोन भाऊ भांडले.
माझी पेंढी वर धरली तेव्हा
दाराशी उकिडवा बसलेला एक आवाज म्हणाला,
वीस.

तपासणीला आले होते, गर्दी बघून थांबले.
पुढे कुणी बोललं नाही.
दमण्यानं नोट उलगडून उलगडून दिली.
मोगी पेंढी खांद्यावर टाकून निघाली
रस्त्याकडे, थोडी लंगडत,
दाणे सांडत.